पाय टेकतील अशी गाडी

रत्नागिरी
२ मे

प्रिय अहो,

'साष्टांग नमस्कार' लिहायला घेतलं आणि हसू आलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नमस्कार कसले घालत्ये तुम्हाला! शेजारचे आत्माराम भावोजी परवा निघतायत, तुमच्याच जहाजावर चढणार आहेत, म्हणून हे पत्र त्यांच्या बॅगेत देत्ये. फोनवर आपलं बोलणं म्हणजे निम्मा वेळ 'ऐकू येतंय का?' आणि उरलेल्या वेळात तुमचा आवाज ऐकला की माझ्या तोंडून 'सगळं बरं आहे' याखेरीज काही निघत नाही. लिहिताना तरी नीट सांगता येईल.

तर सगळं बरं आहे. सानवीची परीक्षा झाली, दिवसभर काजूखाली झोपाळा बांधून बसलेली असते. आंबा उशिरा आला, पण आलाय. आप्पा बरे आहेत. हल्ली चहा बिनसाखरेचा घेतात आणि बागेत जायचं तर मला सांगून जातात. हो, तुमचे आप्पाच! दचकू नका, पुढे येईल ते.

आधी माझ्या गाडीचं सांगते. गाडी घेतली एवढं फोनवर कळलंय तुम्हाला, पण कशी घेतली ते कळलेलं नाही.

आंब्याच्या कॅनिंग फॅक्टरीच्या ऑफिसातली नोकरी लागली तेव्हा एसटीने जाईन असंच ठरवलं होतं. पण सकाळची गाडी कधी यायची, कधी यायचीच नाही. तासभर फाट्यावर उभी राहून मी घरी परत यायचे आणि ऑफिसात फोन करून खोटं बोलायचे. एक दिवस जेवताना म्हटलं, मी मोटरसायकल शिकते. आप्पांनी हातातला घास खाली ठेवला.

"स्कूटी घे हवी तर. मोटरसायकल कशाला गो? नायतर हर्षद येईपर्यंत थांब."

हर्षद येईपर्यंत थांब. या घरात कपाटाचा कडीकोयंडासुद्धा याच वाक्यावर अडून राहतो. मला राग आला आणि रागाच्या भरात दुसऱ्या दिवशी तुमची गाडी पडवीतून बाहेर काढली. आता कबूल करते. बसले, पाय टेकायला गेले तर नुसते अंगठे टेकले. गाडी जरा कलली आणि एकदा कलल्यावर ती माझं ऐकेना. मी खाली, वर तुमची गाडी. डाव्या बाजूचा आरसा फुटलाय आणि टाकीला पोचा आलाय. माझ्या घोट्याला सूज आली ती आठवडाभर. आप्पांनी धावत येऊन गाडी उचलायला हात दिला. मग खाली बसून आरशाच्या काचा वेचल्या. त्यांचं ते काचा वेचणं मला सुजेपेक्षा जास्त लागलं.

घोटा बरा झाल्यावर मी रावजीकाकांकडे गेले. खालच्या वाडीतले, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, आठवतात ना? माझं सगळं ऐकून म्हणाले, "चूक तुझी नाय, गाडीची निवड चुकली. गाडी बघायला जाताना डोळे घरी ठेव नि पाय घेऊन जा."

मग काका, सानवी आणि मी दुकानात. तिथल्या मुलाने आम्हाला थेट गुलाबी स्कूटरपाशी नेलं. काकांनी मान हलवली. आपल्या घाटीवर पावसाने ज्या घळी पडतात त्यात लहान चाक अडकतं म्हणाले. मग माझी नजर एका लालभडक गाडीवर गेली. खोटं कशाला बोलू, जीव जडला होता तिच्यावर! बसून बघितलं तर पुढे ओणवं व्हावं लागत होतं आणि पुन्हा ते अंगठेच. उतरले मुकाट्याने.

शेवटी कोपऱ्यातली काळी गाडी. शंभर सीसीची, अंगाने हलकी, बैठक खाली. बसले आणि दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. समोरच्या काचेत बघितलं, हुबेहूब दूधवाल्यासारखी दिसत होते. सानवीचा चेहरा पडला. पण मला जे वाटलं ते कसं सांगू? पहिल्यांदाच गाडीवर बसून भीती वाटली नाही.

"आता ही आडवी कर नि एकटीने उचल," काका म्हणाले.

"अहो काका, काय करताय?" तो मुलगा ओरडला. शेवटी चालवून दाखवायची जुनी गाडी त्याने बाहेर आणली. मी ती मातीत आडवी केली, पाठ सीटला टेकवून, हँडल आणि मागची दांडी धरून पायांच्या जोरावर उचलली. एकटीने. दुकानातली माणसं बघत उभी राहिली. काका त्या मुलाला म्हणाले, "हीच दे बांधून."

शिकले मी सड्यावर, मोकळ्या कातळावर. गाडी किती वेळा बंद पडली विचारू नका. सगळ्यात अवघड म्हणजे चढावर थांबून पुन्हा निघणं. क्लच सोडला की गाडी मागे यायची आणि माझं काळीज तिच्यामागे. काकांनी ते इतक्या वेळा करून घेतलं की स्वप्नातसुद्धा माझा डावा हात आवळायचा. आप्पा सगळं पडवीतून बघायचे आणि मी आले की पेपर तोंडापुढे धरायचे.

आता पुढचं लिहायचं म्हणून उठून पाणी पिऊन आले.

अहो, मार्चमध्ये आप्पांना हार्ट अटॅक येऊन गेला.

पूर्ण वाचा, मग हवं तेवढं रागवा. ते आता ठणठणीत आहेत, या क्षणी बाहेर आंबेवाल्याशी भांडतायत.

रविवार होता, सकाळची वेळ. सानवी मैत्रिणीकडे गेली होती. आप्पा बागेतून आले ते घामाने निथळत, छाती धरून. शब्द तोंडातल्या तोंडात अडकत होते. अँब्युलन्सला फोन केला. मोरीच्या कामासाठी आपला रस्ता खणलेला, त्यांना हायवेने वळसा घालून यावं लागणार होतं. रिक्षाही पलीकडेच अडलेल्या. उरला होता पऱ्याच्या पाण्यावरचा साकव. तुम्हाला माहीत आहे तो पूल किती अरुंद आहे. तुमची गाडी त्यावर घालायचं धाडस मी केलं नसतं.

मी माझी गाडी काढली.

"मी नाय बसणार," आप्पा म्हणाले. "पाडशील मला."

"पाडलं तर दोघंही पडू. बसा!"

त्या आवाजात मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते बसले. शेजारच्या हेमाकाकूंनी स्वतःची साडी आणून आम्हा दोघांना कमरेला गुंडाळून घट्ट बांधलं. साकवावरून पहिल्या गिअरमध्ये, श्वास रोखून गेले. खाली बघितलं नाही. त्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर होती. ते शुद्धीवर राहावेत म्हणून मी विचारत राहिले, आप्पा, कुठल्या कलमाला फळ जास्त आहे? विहिरीजवळच्या? ते हळूहळू सांगत होते. घाटीच्या ऐन चढावर समोरून ट्रक आला आणि मला थांबावं लागलं. दोन माणसांचं वजन, मागे उतार. टाचा टेकल्या. क्लच अलगद सोडला. गाडी तसूभरही मागे आली नाही, सरळ वर चढली.

तेवढ्यात खांद्यावरचं बोलणं थांबलं.

"आप्पा! विहिरीजवळचं नाही, मग कुठलं?" मी ओरडले. उत्तर नाही. पुन्हा ओरडले. मग कानाशी अगदी बारीक आवाज आला, "पुढे बघून चालव गो."

शहरात शिरताना पोलिसाने हात केला. त्याने नंबरप्लेटवरचा शिकाऊचा लाल 'एल' बघितला. शिकाऊला मागे कुणी बसवायची परवानगी नसते, मला ठाऊक होतं. मग त्याने आप्पांचा चेहरा बघितला, आमच्या कमरेची साडी बघितली, आणि शिट्टी वाजवत चौकातल्या गाड्या थांबवून मला वाट करून दिली.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. त्याच दिवशी स्टेंट घातला. कागदांवर सह्या मी केल्या. तुमच्या नावाच्या जागी माझं नाव लिहिताना हात थांबला नाही. तुम्हाला कळवायचं नाही हे आप्पांनी बजावलं. "तो समुद्राच्या मधोमध. तिथे बसून नुसता झुरेल." मला पटलं. तुम्हाला पटणार नाही कदाचित. पण पुन्हा वेळ आली तर मी हेच करेन.

घरी आल्यापासून आप्पांनी वाडीत इतक्या जणांना ही गोष्ट सांगितली आहे की आता त्यात ट्रक दोन झालेत. परवा माझी लायसनची टेस्ट होती. मैदानात आठाचा आकडा काढायचा होता, पाय न टेकता. आप्पा हट्टाने आले, झाडाखाली खुर्ची टाकून बसले. मी आकडा पूर्ण केला आणि आप्पा भर मैदानात एकटेच टाळ्या वाजवायला लागले. साहेबसुद्धा हसले. मी लाजले का? नाही हो. मान ताठ करून गाडी लावली.

काल एकटीच आरे-वारेच्या समुद्राकडे गेले. काही काम नव्हतं. औषध आणायचं नव्हतं, कुणाला सोडायचं नव्हतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून कामाशिवाय मी कुठेच गेले नव्हते, हे तिथे पोचल्यावर लक्षात आलं. वरच्या वळणावर गाडी लावून हेल्मेट काढलं. दोन्ही किनारे खाली पसरलेले होते. समुद्र दिसला की मला नेहमी तुमची काळजी वाटते. काल तसं झालं नाही. काल मी समुद्राकडे बघून मोठ्याने हसले, अगदी आवाज फुटेपर्यंत, आणि शेजारची शहाळी विकणारी बाई पण कारण न विचारता हसली.

सप्टेंबरात याल तेव्हा स्टेशनवर रिक्षा करू नका. मी घ्यायला येईन. सामान कमी आणा.

वाट बघत्ये, पण आता दारात उभी राहून नाही.

तुमची आणि स्वतःचीही,
राजश्री