दोर आधी कोणी सोडायचा

तीर्थस्वरूप अप्पादादा यांस इजिप्तातल्या कुसैर बंदराहून धाकट्या वामनचा साष्टांग नमस्कार (पायांखालची जमीन अजून डुलते आहे, म्हणून बाकाला धरून). तुमचा गुडघा आता मांडी घालू देतो का? वहिनींचा खोकला उतरला असेल. माझी प्रकृती उत्तम. अब्रू मात्र अत्यवस्थ आहे.

आमच्या अतिथिगृहाच्या मालकीण नगवाबाई यांनी माझ्यावर नवं काम सोपवलं आहे. पाणबुड्या पाहुण्यांची बोट प्रवाळाच्या खडकाकडे नेण्याजोगा समुद्र आहे की नाही, हे रोज सकाळी मी सांगायचं. इतकी वर्षं मी इथे पाहुण्यांची नावं टिपतो, पाण्यात घोट्यापलीकडे गेलेलो नाही; पण मी तर्कशास्त्र शिकलो आहे हे त्यांना कुठून तरी समजलं (कुठून तरी म्हणजे माझ्याचकडून). तेव्हा प्रमाणं लावून पाहिली. प्रत्यक्ष म्हणावं, तर गच्चीवरून दिसतं ते बंदरातलं पाणी, आणि खरा समुद्र खडकापलीकडे. अनुमान म्हणावं, तर धक्क्यावरचा झेंडा फडफडतो खरा, पण तो इतका विरला आहे की कोणी शिंकलं तरी फडफडेल. राहिलं आप्तवाक्य. म्हणून आमची बोट चालवणारा तांडेल झिदान याला विचारलं, आज समुद्र कसा आहे. तो चहातली साखर ढवळत म्हणाला, "अल्लाची मर्जी असेल तसा, उस्ताज." (शिकलेल्या माणसाला इथे उस्ताज म्हणतात.)

"म्हणजे जायचं?"

"मी कुठे तसं म्हणालो?"

"मग नाही जायचं?"

"सकाळी सकाळी तोंडातून वाईट कशाला काढता?"

पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं इथल्या तांडेलांच्या जिवावर येतं. त्यामुळे जो तो चहा पीत शेजारच्या बोटीच्या दोराकडे बघत बसतो. शेजाऱ्याने दोर सोडला तर समुद्र चांगला, नाही सोडला तर वाईट. आणि शेजारी याच्या दोराकडे बघत असतो. दादा, अन्योन्याश्रय दोष तुम्ही आम्हाला छडी हातात घेऊन शिकवलात, पण तो असा ओळीने धक्क्याला बांधलेला मी इथेच पाहिला.

गेल्या मंगळवारी झिदानने गोडं पाणी भरायला बोट पलीकडच्या नळाकडे नेली. एवढंच. आमचा दोर सुटलेला पाहून शेजारच्याने सोडला, त्याचा पाहून पुढच्याने, आणि धक्का रिकामा झाला. नळापाशी झिदानने मान वर केली, म्हणाला, "सगळे चाललेत, म्हणजे समुद्र बरा असणार," आणि पाहुण्यांबरोबर मलाही चढवलं. खडकापलीकडे लाटांनी आम्हाला ताकासारखं घुसळलं. बुडी कोणीच मारली नाही. सगळ्यांना बोट लागली, आणि जो तो कठड्यावरून वाकून न्याहारी समुद्राला परत करत होता. कैरोच्या निवृत्त मुख्याध्यापिका मुफीदाबाई (आयुष्यात एकदा प्रवाळ पाहायचं म्हणून या वयात बुडी मारायला शिकून आलेल्या) मध्येच मान वर करून म्हणाल्या, "बाळा, हे तू ठरवलंस? तुला मुलंबाळं आहेत का? नाहीत? बरं झालं."

संध्याकाळी नगवाबाई म्हणाल्या, "उस्ताज, आणखी एक दिवस वाया गेला, तर हे काम बंद. मग तुम्ही रोज माझ्या सासूबाईंना फिरायला न्यायचं. त्या बोलायला लागल्या की थांबत नाहीत."

आज मुफीदाबाईंचा इथला शेवटचा दिवस. म्हणून आज मी कोणाच्याच दोराकडे पाहिलं नाही. उजाडताच एका कोळ्याच्या होडीतून जीव मुठीत धरून खडकापलीकडे जाऊन आलो. वारा पडलेला, फेसाचा ठिपका नाही, तळाची वाळू दिसते. झिदानला स्वच्छ सांगितलं, "जायचं." तो म्हणाला, "डोळ्यांवर, उस्ताज" (म्हणजे आज्ञा शिरसावंद्य). पाहुणे तयार होईपर्यंत बोटीसमोरच्या बाकावर बसून हे लिहितो आहे. निर्णय देऊन मोकळं झाल्यावर अक्षरसुद्धा किती सुबक येतं, पाहा.

तुमचा आज्ञाधारक,
वामन

ता. क. ऊन डोक्यावर आलं. समुद्र अजून आरशासारखा आहे आणि एकही दोर सुटलेला नाही. झिदानला विचारलं, तर म्हणाला, "तुम्ही इतके निवांत लिहीत बसलात, मला वाटलं तुमचं मन बदललं. बोट निघायची असती तर माणूस अशी पानं भरत बसतो का?" बाकीचे तांडेल आमच्या दोराकडे बघत होते. मुफीदाबाई पाणबुड्याचा पोशाख घालून माझ्या शेजारी झोपी गेल्या आहेत. नगवाबाई सासूबाईंचा हात धरून इकडेच येताना दिसतात.

आणखी एक. तुमच्या पाठशाळेतली न्यायशास्त्राची जागा अजून रिकामी आहे का? खरं तर एवढंच विचारायला सकाळी कागद घेतला होता. मला घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्हीच ठरवा, दादा. शेजारच्या पाठशाळेने कोणाला घेतलं, ते बघत बसू नका.