धारेची पांढरी रेघ

पिंप्राळा, जळगाव
१८ मार्च २०२५

ति. स्व. आबांना,
गोपालचा शि. सा. न. वि. वि.

आई म्हणाली, आबांना फोन करून उपयोग नाही, जन्मभर ऐरणीपुढे बसून कान गेलेत त्यांचे; तुला अक्षर येतं तर पत्र लिही. म्हणून लिहितोय. कॉलेजचं विचारू नका. दुसऱ्या वर्षाच्या मध्यातच सोडलं. सरांची कॉलर धरल्यावर त्यांनीही राहण्याचा फार आग्रह केला नाही. आता प्रेमराजशेठच्या दुकानात आहे. फेटे, शेरवान्या, नवरदेवाच्या तलवारी, सगळं भाड्याने. शेठ म्हणतात, याचं स्वतःचं डोकं ठिकाणावर नाही, पण दुसऱ्याच्या डोक्याला फेटा झकास बांधतो.

मागच्या गल्लीतली शीतल आठवते ना? तुम्ही आला होता तेव्हा चहात साखर विसरली होती, ती. तिचं जमलं, धरणगावच्या पियुषशी. एप्रिलमध्ये लग्न. मला एवढंच म्हणाली, की तू परीक्षा तरी दिली असतीस, तर घरी तुझं नाव काढायला तोंड राहिलं असतं. मी भिंतीवर मूठ मारली. ती अजून सुजलेली आहे, भिंत चांगली आहे.

काम वेगळंच आहे. मी ऑनलाइन एक जपानी पद्धतीची तलवार मागवली. मुठीला दोरीची तिरपी वीण, लाकडी म्यान आणि पातं आख्खं काळं. वरून कसलातरी नवा थर दिलाय, गंज धरत नाही म्हणे. खोक्यावर लिहिलंय, शोभेची, पण वापरण्याजोगी. वापरण्याजोगी कसली, हिने लोणीसुद्धा कापलं जायचं नाही. धुळ्याच्या गाडीवरच्या ड्रायव्हर कौतिकभाऊंच्या बसमधून पाठवतोय. धार लावून द्या.

चुकलं तर कान धरा, पण लोभ सोडू नका.
तुमचा गोपाल


धुळे
२४ मार्च २०२५

चि. गोपाल यास,
जीवराम आबाचे अ. उ. आ.

आठे बठ्ठं बरं शे, काळजी नको. तुझी वस्तू पोचली. कौतिकने फडक्यात गुंडाळून आणली. त्याला वाटलं क्रिकेटची बॅट.

मूठ काढून पाहिली. पोलाद चांगलं आहे, पातं मुठीच्या पार शेवटापर्यंत गेलेलं आहे. असलं पातं शोभेचं नसतं, त्याला नुसती धार देत नाहीत एवढंच. वरचा काळा थर तुझ्या आजीच्या बिनचिकट तव्यासारखा. मला तो आवडला नाही. साधं पातं बोलतं बाबा. गंज चढला तर सांगतं, डाग पडला तर सांगतं. हे काहीच सांगत नाही.

आता आपल्या घरची रीत. माझ्या बापाने विचारल्याशिवाय कोणाला धार लावून दिली नाही, मीही नाही. काय कापनं शे? विळीची धार वेगळी, कोयत्याची वेगळी, खाटकाच्या सुरीची वेगळी. गिऱ्हाईक सांगेल ते आम्ही खरं मानतो, कारण पुढे ते त्याच्या अंगावर असतं. तू लिही, मग सहाण भिजवतो.

परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरता येतो का ते पाहा. हाताला हळद लाव.
तुझा आबा


पिंप्राळा
२८ मार्च २०२५

ति. स्व. आबा,
शि. सा. न.

केळीचे खांब कापायचेत. लग्नाच्या मांडवाला दुकानातून केळीचे खांब जातात, आणि हल्ली असल्या तलवारीने एका घावात खांब तोडल्याचे व्हिडिओ लोक पाहतात. शेठच्या दुकानाची जाहिरात होईल. बस, एवढंच. तुम्ही उगाच पोलिसासारखे विचारता.

केळीचा खांब मऊ असतो, आतून नुसतं पाणी. तेव्हा धार अशी लावा, की जोर लावावा लागू नये. नुसतं टेकवलं की गेलं पाहिजे.

घाई करा. वीस तारखेच्या आत हवी.

हळद लावली. आजीची आठवण आली. आशीर्वाद असू द्या.
गोपाल


धुळे
७ एप्रिल २०२५

चि. गोपाल यास अ. उ. आ.

धार लावली. तीन दिवस लागले. कौतिकच्याच हाती परत पाठवतोय. पाण्यात भिजवलेलं वर्तमानपत्र हवेत धरून पाहिलं, आवाज न करता दोन झालं. मला तसाही आवाज कुठला येतो म्हणा, पण बोटाला कळतं. इतकी धार मी आयुष्यात दोनदाच लावली असेल. लावताना बरं वाटत होतं, लावून झाल्यावर नाही.

एक ध्यानात ठेव. घासलं तिथला काळा थर गेला, धारेला टोकापर्यंत पांढरी रेघ उमटली आहे. तुला ती दिसायला खराब वाटेल. ती राहू दे. त्या रेघेवरून बघणाऱ्याला कळतं की हात लांब ठेवायचा. बिनरेघेचं काळं पातं म्हणजे मुका साप.

खांब कापून झाले की चिकाचे डाग लगेच पूस. आणि मला कापलेल्या खांबाचा फोटो पाठव, मला पाहायचाय.
तुझा आबा


पिंप्राळा
२० एप्रिल २०२५

ति. स्व. आबा,
शि. सा. न.

फोटो पाठवू शकत नाही. खांब कापले नाहीत.

उद्या धरणगावला पियुषची हळद, परवा लग्न. फेटे आमच्याच दुकानाचे, बांधायला मीच जाणार. नवरदेवाच्या हातात तलवार लागतेच, टोकाला लिंबू लावून. पियुष दुकानात आला होता. आमच्या भाड्याच्या तलवारी पाहून म्हणाला, या तर पत्र्याच्या खेळण्यासारख्या दिसतात, जरा वेगळं काही नाही का? मी म्हटलं, आहे ना. काळी, जपानी. भाडं नको, माझ्याकडून आहेर समजा. खूश झाला. मला मिठी मारून गोपालभाऊ म्हणाला.

धार आहे का, असं त्याने विचारलंच नाही. भाड्याच्या तलवारीला धार नसते, हे सगळ्या खानदेशाला माहीत आहे. घोड्यावर बसून गरगर फिरवतात, मित्र पात्याला धरून खाली ओढतात. ती पांढरी रेघ मी काळ्या मार्करने रंगवली. दोन हात दिले. आता काही दिसत नाही.

मी काही करणार नाही आबा. मी फक्त सांगणार नाही.

हे पत्र का लिहितोय कोण जाणे. लोभ ठेवाल की नाही, हे विचारायची हिंमत नाही.
गोपाल


पिंप्राळा
२६ एप्रिल २०२५

ति. स्व. आबांना शि. सा. न.

अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताने लिहितोय.

तुमचं पत्र मला काल मिळालं. ‘वाचताक्षणी ती काढून घे,’ एवढी एकच ओळ. लग्न होऊन तीन दिवस झाले होते.

हळदीला टोकाला लावलेलं लिंबू आपोआप पात्यावरून खाली सरकलं आणि दोन फोडी होऊन पडलं. बायका हसल्या, कोणी म्हणालं, लिंबू पिकलेलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी फेट्याची घडी घालत राहिलो. लग्नाच्या दिवशी पियुष घोड्यावर चढला, पण मूठ जड म्हणून त्याने म्यानातून काढलीच नाही. मला राग आला. खरं सांगतो, त्याला काही झालं नाही याचा राग आला.

मग मांडवाच्या दाराशी फोटोवाला म्हणाला, आजकाल नवरीची एन्ट्री तलवारीने असते. पियुषने हसत ती शीतलच्या हातात दिली. तिने म्यान काढून फेकलं. एक गिरकी घेतली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मला ओरडायचं होतं, पण डीजेपुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना. तुमचे कान मला त्या वेळी कळले. फोटोवाला खुणा करत होता, आता पात्यावरून बोटं फिरवा, मुठीपासून टोकापर्यंत, हळूच, आणि कॅमेऱ्याकडे बघा. तिने मेंदीची बोटं उचलली.

मी धावलो आणि पातं धरलं.

दुखलं नाही. नुसतं गार लागलं. काळ्या पात्यावर रक्त दिसेचना, म्हणून लोकांना वाटलं फेटेवाला नाचायला आलाय. ती मात्र माझ्या बाहीकडे बघत होती. तिला कळलं असावं, आबा. मी चक्कर येऊन पडलो. डॉक्टरांनी टाके घातलेत. दोन बोटांना अजून काही कळत नाही, फेटा बांधता येणार नाही. मांडवात आणि घरी, सगळ्यांना सांगितलं, काच लागली.

तुम्ही विचारलं होतं, काय कापायचंय. मी खोटं लिहिलं. तुम्ही ते खरं मानलंत.

पण खरी भीती पुढेच आहे. गडबडीत कोणीतरी ती म्यानात घालून आहेराच्या सामानात टाकली. काल पियुषने दुकानात फोन करून शेठला सांगितलं, गोपालभाऊंची तलवार बैठकीच्या भिंतीला लावतोय, म्यान खाली, पातं वर, उघडं. शोभेची आहे ना. मार्कर अजून तसाच आहे. नवी सून पहिल्याच आठवड्यात घरातली धूळ पुसायला घेते. ओल्या फडक्याने.

फोन हातात घेतो आणि ठेवतो. सांगितलं तर रेघ कोणी झाकली हेही सांगावं लागेल. काय करू, लिहा. पत्र कौतिकभाऊंच्याच हाती देतोय.
गोपाल


धुळे
२६ एप्रिल, संध्याकाळ

गोपाल,

कौतिक बाहेर बस उभी करून थांबलाय.

चिठ्ठी हातात पडताच शीतलच्या सासरी फोन कर. तिला एवढंच सांग, भिंतीला हात लावू नको. उद्या सकाळी मी सहाण घेऊन धरणगावच्या स्टँडवर उतरतो. तूही ये. लोहार धार लावतो तशी मोडतोही. ती तलवार भिंतीवरून काढून दोन्ही घरांसमोर तिची धार मी सहाणेवर मोडीन.

पण रेघ कोणी रंगवली, हे मी सांगणार नाही. मी तिथे बहिराच असेन. ते तुझ्या तोंडून निघेपर्यंत मी सहाण भिजवणार नाही.

आशीर्वाद उद्या, तुझं बोलून झाल्यावर.
आबा