एकीकडे मणी, एकीकडे दाते

मी, शेवटी सही करणारी, दातांची निवृत्त डॉक्टर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. वय झाले म्हणून अक्षर वाकडे आहे. डोके ठिकाणावर आहे. मंगळवारपासून झोप उडाली आहे, पण ते आजारपण नव्हे. ते कलम पाचमुळे. तेच आधी लिहिणार होते. वकीलबाई म्हणाल्या, आधी घर.

१. घर. दवाखाना आणि मागच्या दोन खोल्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. विकावे, भाड्याने द्यावे, तिची मर्जी. राहिली तर खिडकीजवळचे टेबल हलवू नये. तिथे सकाळचा उजेड तिरपा येतो आणि नाण्यावरची झिजलेली अक्षरेही उठून दिसतात.

२. बँकेतली शिल्लक भावजयीला. भावाचे आणि माझे बोलणे बंद झाल्यापासून आम्हा दोघांच्या नाण्यांचे तबक या घरातून त्या घरात तिनेच वाहिले, आणि दोन्हीकडचे टोमणे वाटेत सांडून आली. याचा मोबदला होत नाही. तरी घ्यावा.

३. हत्यारे. खुर्ची, चिमटे, आरसे, सगळे कवळ्या करणाऱ्या माझ्या जुन्या सहकाऱ्याला. दातातली कीड शोधायची आकडी सुई मात्र कलम पाचमधल्या नाण्याबरोबर राहील.

४. राग. भावाने एकदा माझ्याच दवाखान्यातली दात चमकवायची पावडर लावून मूठभर नाणी लख्ख केली. घासलेल्या नाण्यावरचा जुना रंग जातो, तो परत येत नाही. मी म्हटले, "तू त्यांना मारलंस." तो म्हणाला, "माझ्या बाजूला धूळ होती. तुझी बाजू तू सांभाळ." तेव्हापासून अबोला. हा राग मी कोणाच्याही नावे करीत नाही.

५. नाणे. एक पेनी, सन १८६०.

वडिलांनी बंदरावरून पेन्यांची पिशवी आणली तेव्हा घरात भिंग एकच होते. आम्ही त्यावरून मारामारी केली. आईने वाटणी करून दिली. "त्याने डोकं बघायचं, तू बाई बघ." डोके इंग्लंडच्या राणीचे, बाई म्हणजे नाण्याच्या मागच्या बाजूला त्रिशूळ धरून बसलेली. ही वाटणी आम्ही मोठेपणीही मोडली नाही. दुसऱ्याच्या बाजूत नाक खुपसायचे नाही.

१८६० साली टांकसाळीने कडेची नक्षी बदलली. आधी गोल मणी होते, नंतर बारीक दाते आले. मणी तर दोन्ही बाजूंना मणी, दाते तर दोन्ही बाजूंना दाते. पण क्वचित कोणा कारागिराने एक ठसा जुना लावला, एक नवा. असे बेजोड नाणे हाती लागावे म्हणून माणसे आयुष्य घालवतात.

मंगळवारी एक पेनी माझ्या हातून निसटली आणि राणी वर करून पडली. तिची मागची बाजू मला पाठ होती: दाते. राणीभोवती मणी होते.

मी जमिनीवरच बसले. मग उठून शंका काढल्या. लबाड लोक दोन नाणी पोखरून एकात एक बसवतात, म्हणून आकडी सुई कडेच्या आतून सावकाश फिरवली. सांधा असता तर अडकली असती. अडकली नाही. वजन बरोबर भरले. टेबलावर टाकली, तर खणखणीत वाजली. पेनी अस्सल आहे.

इतकी वर्षे ती आमच्या तबकात होती. त्याने मणी पाहिले होते, मी दाते. दोघांचेही बरोबर होते.

तिची माझी बाजू मी भावाला देते. राणी त्याचीच आहे.

६. सहीपूर्वी घडलेले. साक्षीदार म्हणून मी भावालाच निरोप धाडला होता. नाण्याचे कळवले नव्हते. तो दारात उभा राहिला आणि सही कुठे करायची ते त्याने वकीलबाईंना विचारले. मला नाही. वकीलबाईंनी कलम पाच वाचून त्याच्या हातातले पेन काढून घेतले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, सही केलीत तर नाणे गेले, असे बजावले. त्याने विचारले, कसले नाणे.

मी पेनी बाई वर करून त्याच्यापुढे ठेवली. त्याने माझी बाजू आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. उलटी केली. पुन्हा सुलटी केली.

"ताई, भिंग दे."

दिले.

"सुई फिरवलीस?"

"फिरवली."

"सांधा?"

"नाही."

तो वकीलबाईंना म्हणाला, "मी सही करत नाही. दुसरं कोणीतरी बोलवा."

खालच्या दुकानातल्या चष्मेवाल्याला बोलावले. तोही आधी नाण्यावर वाकला. एवढ्यात भावाने खिशातून रुमाल काढला. मी त्याचे मनगट धरले.

"घासत नाहीये गं," तो म्हणाला. "डोळे पुसतोय."

कलम चार मी स्वहस्ते खोडले आहे. बाकी मजकूर वाचला, तो कायम.

सही: दातांची डॉक्टर, थोरली बहीण
साक्षीदार: १. वकीलबाई २. खालचा चष्मेवाला
ठिकाण: दवाखान्यामागची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ९ मार्च, उजेड असताना