वासुदेवरावांचा तांब्या

रविवार, २३ सप्टेंबर १९५६, समुद्रपूर

लिही, यशोदा. वही पिठाच्या डब्यावर ठेवून ही सून घरभर शोधत होती. जिले वही आठवत नाई तिच्याच हाती माह्या आठवणी! उद्या हीच वाचून दाखवेल अन् विचारेल, "आई, हे कवा झालं?" मले अक्षर येत नाई म्हणून विसरणंही आलं नाई.

तर आज पाळकसाहेब वर्ध्याहून आले. महारवाड्यातला चिंधू अन् त्याची बायको अन्नपूर्णा, दोघांचा बाप्तिस्मा नाताळात ठरला. तवर वासुदेवरावांनी शिकवाचं, अन् म्या त्यायच्या घरी येत-जात अन्नपूर्णेले चार गोष्टी शिकवाच्या. वासुदेवराव कापसाच्या जिनमधले कारकून. बामणाघरचे, एकटेच ख्रिस्ती झाले. पगार जिनचा, सेवा देवाची, अन् मान दोन्हीकडचा.

गुरुवार, २७ सप्टेंबर

वासुदेवराव सायकलवर आले. हँडलले फिरकीचा तांब्या लटकवलेला. पाटीवर त्यांनी शिडी काढली. "शिष्यत्वाच्या पायऱ्या. पहिली पश्चात्ताप, दुसरी प्रार्थना, तिसरी..." चिंधू वरवर पाहत राह्यला, जसं काई आताच चढाचं हाय. मग प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ते वाचून दाखवलं. लई गोड वाचते तो माणूस. डोळ्यात पाणी आणते.

अन्नपूर्णेनं पाणी आणलं. वासुदेवराव म्हणाले, "राहू द्या, माझ्याजवळ आहे." अन् स्वतःच्या तांब्याची फिरकी उघडली.

पाय धुवाचं पाणी दुसऱ्याचं चालते, पेवाचं नाई. ही पायरी पाटीवर नव्हती.

रविवार, ३० सप्टेंबर

उपासनेनंतर चिंधूनं त्यांना घरी बोलावलं. "आत्ताच जेवून आलो." सकाळचे नऊ वाजले होते.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

आज गंमत केली. अन्नपूर्णेले सांगून ठेवलं, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी अन् ठेचा कर. वर्ग चिंधूच्याच घरी ठेवला. प्रार्थना झाली, आमेन झालं, अन् म्या सगळ्यायच्या देखत ताट वासुदेवरावांपुढं सरकवलं. "घ्या. आज 'जेवून आलो' म्हणू नका, तुमच्या घरापासून मी तुमच्या मागंच होती."

चेहरा चुन्यासारखा झाला. "पोट बरं नाही, शकुबाई."

"तुमचं पोट माह्या घरी बी बरं नसते. मले वाटे तुम्ही यशोदेच्या हातच्याले भेता. प्रभुभोजनाचा तुकडा तेवढा पचते. तो वर्ध्याहून येते ना."

मंडळी हसली. वासुदेवराव उठले, सायकल घेतली अन् गेले. मग म्या अन् चिंधूच्या भावानं, लहानूनं, भाकरी खाल्ली. ठेचा झकास होता.

शनिवार, ६ ऑक्टोबर

चिंधू येऊन दारातच उभा. बस म्हटलं त बसला नाई.

"आजी, ताट माह्या घरचं होतं. वासुदेवरावांची परीक्षा घ्याची होती त तुमच्या ताटावर घ्याची. माही बायको रातभर रडली."

म्या म्हटलं, "तुह्यासाठीच केलं."

"माह्यासाठी? सगळे हसले तवा मी कुठं पाह्यचं?" मग म्हणाला, "लहानूदादा दसऱ्याले नागपूरले दीक्षा घ्याले चालला. तिकडं सारे एका पंगतीत बसते म्हणते. मी बी जातो. तुमच्या शिडीवर मले जेवाची पायरी सापडली नाई."

गेला. परवाचा ठेचा आज झोंबला. यशोदा, हसू नको, लिही.

सोमवार, ८ ऑक्टोबर

वासुदेवराव आले. तांब्या नव्हता. ओसरीवर बसले अन् जिनचा भाव, पावसाची ओल, असं फालतू बोलत राह्यले. मग म्हणाले, "शकुबाई, मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आईनं वचन घेतलं. बाहेरचं अन्नपाणी घेतलं तर ती अन्न सोडेल. प्रभुभोजनाचं तिला ठाऊकच नाही. म्हातारी आहे. तिला माझ्याशिवाय कोणी नाही."

त्यांची आई सीताबाई हट्टी हाय हे गावाले ठाऊक हाय. पण मले काई दया आली नाई.

"मग हे चिंधूले काऊन नाई सांगितलं?"

"आईची बदनामी झाली असती."

"आईची झाली असती. त्याची त होऊनच राह्यली, दर गुरुवारी, तुमच्या तांब्यानं."

मान खाली घालून गेले. शिकवाले शिडी लागते, कबूल कराले ओसरी बी पुरते. पण पोचलं पाहिजे ना चिंधूपर्यंत!

गुरुवार, ११ ऑक्टोबर

पोचलं.

वर्गाले वासुदेवराव आले. पाटी नाई, पोथी नाई. चिंधूसमोर बसून सारं सांगितलं. मग अन्नपूर्णेले म्हणाले, "वहिनी, भूक लागली आहे." तिनं सकाळची शिळी भाकर अन् तेल-तिखट दिलं. तेवढंच होतं घरात. चिंधूनं पाण्याचा गिलास पुढं केला, तोही प्याले.

"घरी जाऊन आईला सांगतो," म्हणाले.

हा माणूस इतके दिवस कुठी होता?

शनिवार, १३ ऑक्टोबर

सीताबाईनं अन्न सोडलं. काल तोंडात काई नाई, आज बी नाई. वासुदेवराव जिनमध्ये गेले नाईत, आईच्या पायथ्याशी बसून हायत.

मी गेलती. म्हटलं, "सीताबाई, उपाशी मरून पोराले पाप लावता काऊन?" तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. माही जीभ आज कामाची नव्हती.

परत निघाली त फाटकाशी अन्नपूर्णा. हातात झाकलेलं गंज, पितळी पातेलं, त्यात ज्वारीच्या ऊन कण्या. आत आली नाई, बोलली नाई. कण्या निवल्या तशी परत गेली. सांजेले पुन्हा आली, ताज्या घेऊन.

मले पाळकसाहेबांनी हिले शिकवाले सांगितलं होतं!

रविवार, १४ ऑक्टोबर, दसरा

लहानू गेला. मोटारीपाशी चिंधूच्या गळ्यात पडला, चिंधूही रडला. पण चढला नाई. "बायको तिकडं फाटकाशी उभी हाय. तिले एकटीले सोडून कुठं जाऊ? नाताळाचं नाताळाले पाहू."

सोमवार, १५ ऑक्टोबर

सकाळी सीताबाईनं वासुदेवरावाले विचारलं, "ती बाई उन्हात काऊन उभी राह्यते? आत बोलाव तिले." अन् अन्नपूर्णेच्या हातून चार घास घेतले. वर तक्रार, कण्या जाड हायत, मीठ जास्त हाय.

यशोदा, वही मिट अन् अन्नपूर्णेकडं जा. सांग, सांजेच्या कण्या पातळ कर, मीठ कमी टाक. ताक आपल्या घरचं पाठवजो. पण गंज तिचंच राहू देजो.