सासऱ्यांच्या मोटारीचा इंपेलर

५ जानेवारी २०२५, रविवार. निरगुडसर.
संकल्प केला. सासऱ्यांची अडतीस सालची विलायती मोटार बावीस वर्षं गोठ्याशेजारी उभी आहे. कारण क्षुल्लक. इंजिनात पाणी फिरवणारा इंपेलर, म्हणजे तळहाताएवढी पात्यांची चकती, झिजून तिची दोन पाती गेली. तसली चकती आता जगात मिळत नाही. २३ फेब्रुवारीला सासरे सयाजीराव ऐंशी पूर्ण करतात. त्या दिवशी ते याच मोटारीतून घोडेगावला आमच्या घरी जेवायला येणार. चकती मी घडवणार. सर्वांदेखत शब्द दिला. सासरे म्हणाले, जावईबापू, तवर मी टिकतो, गाडीचं तुमी बघा. सौ. शीला चहा टाकायला उठली. विश्वास असावा.

७ जानेवारी. घोडेगाव.
तेवीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवतोय. फाटक्या पोथीतले गळालेले श्लोक जुळवणाऱ्याला दोन पाती काय जड? मेणाची करून चिकटवली; नमुना तयार, आता धातूत ओतून घ्यायचा. जुन्या मोटारींच्या हौशी लोकांच्या ग्रुपवर जाहीर केलं की घोडेगावात दुर्मिळ पार्टचं उत्पादन लवकरच सुरू. चौदा लाइक.
शेजारचा सोमाजी, शेतीचे पंप दुरुस्त करणारा, चहाला आला. चकती फिरवून म्हणाला, मास्तर, असले इंपेलर लई पडल्यात दुकानात, बघू का एखादा? त्याला प्रेमाने समजावलं की विहिरीचा पंप वेगळा, विलायती इंजिन वेगळं. म्हणाला, पानीच फिरवायचं ना राव? अडाणीपणा. चहा मात्र दोन कप प्याला.

१२ जानेवारी. जुन्नर.
हौशीराम ओतारी. देवळांच्या घंटा ओततात, हात सोन्यासारखा. म्हणाले, धातू थंड झाला की आकसतो, साचा जरा मोठा ठिवा. मी म्हटलं, मूळ संहितेत एका मात्रेचाही फेर चालणार नाही. म्हणाले, तुमची मर्जी.

१९ जानेवारी.
चकती आली. देखणी. मोटारीचा पंप खोलून घरी आणलाय, त्यात घातल्यावर खुळखुळते. धातू खरोखरच आकसला. ग्रुपवर लिहिलं: प्रथमावृत्ती संपली.

२६ जानेवारी. जुन्नर.
साचा मोठा केला. निघताना हौशीरामांनी विचारलं, नाव काय टाकायचं? प्रत्येक घंटेवर देणाऱ्याचं नाव उठावाच्या अक्षरांत टाकायचा त्यांचा रिवाज आहे, त्याशिवाय भट्टी पेटवत नाहीत. नाही म्हणणं अशिष्ट दिसलं असतं. नाव, गाव, पदवी आणि स्वरचित दोन चरण दिले. ते म्हणाले, पावणं, घंटा मोठी असती, ह्ये बशीएवढं बी न्हाई. अक्षरं बारीक करू, पण काटछाट नको, असं ठरलं.

९ फेब्रुवारी, दुपारी ३.
माप अचूक! अक्षरं तर अप्रतिम. अनुष्टुभातला एकही लघु-गुरू चुकलेला नाही.

त्याच दिवशी, ३.४०.
चकती फिरत नाही. पाठीवरची अक्षरं पंपाच्या भिंतीला घासतात. शीलाने सुचवलं, नाव घासून टाका. विचार करतो म्हटलं.

१५ फेब्रुवारी.
विचार चालू आहे. पदवी घासली. नाव ठेवलं. अजून घासतं. सासऱ्यांचा फोन: सीट पुसून घेतली, नवा फेटा आणला, गाडीचं कसं काय? शेवटचा हात चालू आहे म्हटलं. खोटं नाही, हातात कानस होती.

२० फेब्रुवारी.
गाव घासलं. दोन्ही चरण घासले. नावाशी आलो तेव्हा कानस सटकली आणि एक पातं तुटलं. म्हाताऱ्याला काय सांगू? जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

२२ फेब्रुवारी. निरगुडसर.
शीलाने मला न विचारता सोमाजीला आणलं. टाकीवर पाणी चढवायच्या छोट्या पंपाचा इंपेलर, लेथवर कडा तासून लहान केलेला, मधलं भोक दांड्याला घट्ट बसावं म्हणून आत बुशचं कडं. सकाळच्या चहापासून जेवणापर्यंतच्या वेळात बसवलासुद्धा. इंजिन पेटलं. सासरे हॉर्नवरचा हात काढेनात. मी सोमाजीला सांगितलं की तत्त्वतः ही माझीच दिशा होती. तो म्हणाला, व्हय मास्तर, तुमीच दिशा दावली, मी फकस्त इंपेलर आनला. समंजस माणूस.

२३ फेब्रुवारी.
मोटार सकाळी निघाली. पुढे सोमाजी चालवायला, शेजारी फेटा बांधून सासरे. मागे सासूबाई, शीला आणि पुरणपोळ्यांचा डबा. सासरे म्हणाले, जावईबापू, डबा मांडीवर घेतला की पोळ्या मोडत्यात. तुमी एसटीनं या, पण वाढायच्या आत पोचा.
मंचरहून घोडेगावची एसटी मिळाली. उभ्यानेच. वाटेत मागून हॉर्न वाजला, गावोगाव थांबत आलेली मोटार बाजूने पुढे गेली. सगळी एसटी एका बाजूच्या खिडक्यांवर. कंडक्टरने विचारलं, कुनाची वो ही? मी म्हटलं, आमच्या सासऱ्यांची. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
मी म्हटलं, घोडेगाव. एक.