बेरीज एकावन्न

२ तारीख
नोकरी लागली. आनंद झाला, असं इथे लिहायला हरकत नाही. रुग्णालयाची प्रयोगशाळा, खिडकीजवळचं टेबल, नवं कोरं मशीन. मावशी इथल्या आयसीयूची हेड सिस्टर. तिनेच शब्द टाकला. काम सरळ: मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या रक्तातलं ड जीवनसत्त्व रोज मोजायचं. ते वाढलं तर रुग्ण लवकर सावरतात का, याचा अभ्यास. तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त लागतं. मावशीने माझंच घेतलं. सुई टोचताना म्हणाली, आई गेल्यापासून तू माझीच लेक. माझी पातळी ४२. सात नंबरच्या खाटेवर तिचा मुलगा, माझा दादा. आतड्याची शस्त्रक्रिया होऊन दीड महिना झाला, अजून व्हेंटिलेटरवर. त्याची पातळी ९. औषध कितीही द्या, अंगी लागत नाही.

६ तारीख
दादा १९. मी ३२. दोनदा तपासलं; मशीन बरोबर आहे. सीनियर म्हणाले, जरा उन्हात फिर, पालीसारखी पांढरीफटक पडलीस. या टेबलावरची आधीची मुलगीही हाडं दुखतात म्हणत नोकरी सोडून गेली, म्हणे.

९ तारीख
तो २७, मी २४. पहिल्या दिवसापासून दोघांची बेरीज एकावन्न. योगायोग रोज येत नाही. जिना चढताना कठडा धरावा लागतो. माझं रक्त रोज मावशीच काढते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

१२ तारीख
काल मीच ड जीवनसत्त्वाचा मोठा डोस घेतला. आज मी १५. दादा ५८. बेरीज मोडली, पण माझ्या बाजूने नाही. त्याचा व्हेंटिलेटर काढला. मावशीने मला मिठी मारली. बरगडीत कळ आली.

१४ तारीख
अभ्यासाची फाईल उघडली. सात नंबर. दात्याच्या रकान्यात आधीच्या मुलीचं नाव, खोडलेलं. शेरा: नातं नाही, लागू पडलं नाही. त्याखाली मी. नातं: मावसबहीण. संमतीची सही मावशीची. तारीख — मी नोकरीचा अर्ज केला, त्याच्या तीन आठवडे आधीची.

१५ तारीख
निघून जाणार होते. पायांवर उभं राहता येत नाही. आठ नंबरच्या खाटेवर आहे. मीच का, विचारलं. मावशी म्हणाली, रक्ताचं दुसरं होतंच कोण.

१६ तारीख
दादा खिडकीपर्यंत चालला. उन्हात उभा आहे. माझ्याकडे बघत नाही — त्याला माहीत होतं. मी ४. मावशी ट्रे घेऊन आली. लेक म्हणते. डावा हात संपला, पेन ठेव म्हणते, उजव्यात अजून एक शीर —