योगराजकाकांची मूठ

॥ श्री कानबाई प्रसन्न ॥
कोसाड, सुरत
ता. २० जुलै २०२५

ती. सौ. मोठ्या आई यांस,
जयश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि सोबत एक कागद पाठवायचा आहे, म्हणून पत्र. तुमचे पुतणे ठीक आहेत. लूमवरून आले की बसल्या जागी घोरतात आणि झोपलोच नव्हतो म्हणतात.

आमचा नितीन इच्छापोरच्या ठेकेदाराकडे लागला, तो हजिऱ्याला पाण्याखाली उतरून धक्क्याचे खांब घासतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आता त्याला नव्या कंपनीने बोलावले आहे. एकाहत्तरच्या लढाईत बुडालेली जहाजे पाहायला ही कंपनी हौशी लोकांना पैसे घेऊन खाली नेणार. त्यातले एक जहाज आपले योगराजकाका नौदलात ज्यावर होते ते. बुडालेल्यांच्या घरच्यांची संमती हवी, म्हणून कागद. तुमची सही आणली तर नितीन तिथे कायम होईल.

कागदावर तुमच्या नावामागे श्रीमती छापले आहे. मी ते हळदीच्या बोटाने झाकून देवापुढे ठेवले होते.

दुसरे असे, की श्रावणात कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाला घरातल्या हयात पुरुषामागे सव्वा मूठ गहू, हे तुम्हीच मला शिकवले. काकांना धरून मी वहीत दरवर्षी आठ लिहिते. सही केल्यावर किती लिहू?

माया आहे तशी राहू द्यावी.
आपली जयश्री

अमळनेर
ता. ६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. जयश्री हीस,
अनेक आशीर्वाद.

कागद वाचला. जहाज कधी बांधले, पाणबुडीने कसे मारले, किती मिनिटांत गेले, सगळे छापले आहे. आतल्या माणसांना एक ओळ दिली आहे. तुझे काका बॉयलरवर होते. शेवटच्या सुट्टीत म्हणाले होते, की खाली इतके उकडते की थंडीतही सदरा नको वाटतो. म्हणून एक सदरा घरीच ठेवून गेले.

तारेत बेपत्ता लिहिले होते. त्या शब्दावर मी कुंकू ठेवले. पुढे पेन्शनचे कागद आले, ते सासऱ्यांनी सांभाळले. शेजारची पार्वती म्हणायची, मंगले, समुद्रात कोणी बिऱ्हाड करते का? मी म्हणायची, तुझा तर घरात राहून सापडत नाही.

परवा कानबाईला आठच मुठी काढल्या. पण त्यांची मूठ दळली नाही. त्यांच्या सदऱ्याच्या कापडात बांधून पाठवते आहे. नितीनने आधी स्वतः उतरावे आणि हे गहू तिथे सोडावेत. मग सहीचे पाहू.

मंगला

कोसाड, सुरत
ता. १४ डिसेंबर २०२५

ती. सौ. मोठ्या आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पावसाळ्यात समुद्र बंद होता. गेल्या बुधवारी कंपनीच्या चौघांबरोबर नितीन उतरला. जहाज एका कुशीवर आहे, त्यावर मच्छीमारांची तुटलेली जाळी अडकली आहेत आणि मासे दारातून ये-जा करतात, असे त्याने सांगितले. तो आत गेला नाही. बाहेर वाळूत एक थाळी पडली होती. वर आल्यावर साहेब म्हणाले, पुढच्या वेळी ती आण, ऑफिसात काचेत ठेवू. नितीन घरी गुजरातीत बोलतो तसाच त्यांना म्हणाला, "साहेब, ए तो कोईनी थाळी छे." म्हणजे ती कोणाची तरी जेवायची थाळी आहे. साहेब हसले. नितीन हसला नाही.

आता चूक सांगते. गहू सोडायचे राहिले. हातमोजे घातलेल्या बोटांना गाठ सुटली नाही, आणि खाली थांबायची वेळ मोजकी असते. पुरचुंडी कंबरेला तशीच बांधून तो वर आला. गहू फुगले होते. मी ते ताटात पसरून गच्चीवर ठेवले आहेत. चिमण्या चोच लावतात आणि खारट लागले की उडून जातात. तो पुन्हा जाऊन सोडतो म्हणतो. काय करावे ते कळवावे.

कंपनीला महिनाअखेर सही हवी आहे. नितीन म्हणाला, मोठ्या आईला घाई करू नको. जेवला मात्र अर्धीच भाकरी.

आशीर्वाद असू द्यावा.
जयश्री

अमळनेर
ता. २२ डिसेंबर २०२५

चि. सौ. जयश्री हीस,
आशीर्वाद.

नितीनला बोलू नकोस. गाठ मी मारली होती, दातांनी ओढून. ती त्याला काय सुटणार?

पुन्हा जाऊन गहू सोडू नयेत. ते त्यांच्यापर्यंत गेले आणि परत आले. इतकी वर्षे तिकडून काही आले नव्हते, ते आता आले. वाळले की इकडे पाठव, देव्हाऱ्यात ठेवीन. पुढल्या श्रावणात वहीत सात लिही.

कागद सही न करता परत पाठवते. ते गेले हे मी आता धरले, पण ते जिथे आहेत तिथे तिकीट लावायला मी हो म्हणणार नाही. नितीनची कायमची नोकरी माझ्यामुळे जाते, हे मला कळते. त्याने माझ्यावर रागवावे, चालेल. थाळी जागेवर ठेवली, हे मात्र त्याने घरच्या माणसासारखे केले, असे त्याला सांग.

मंगला

ता. क. पुढच्या पाकिटावर माझ्या नावामागे सौ. लिहू नकोस.